मनगटाची आठ हाडं

१

एक्स-रे काढणाऱ्याला पेशंटशी बोलायला तीन वाक्यं पुरतात. 'इथे हात ठेवा.' 'हलू नका.' 'झालं, उठा.' चौथं एक वाक्य राखून ठेवलेलं असतं, आणि ते मी गेली बावीस वर्षं रोज दहा वेळा तरी वापरत आलोय. पेशंट उठतो, बाही खाली करतो आणि काचेमागे उभ्या असलेल्या माझ्याकडे बघून विचारतो, काय दिसतंय हो? मी म्हणतो, डॉक्टर सांगतील.

लोकांना वाटतं, हा माणूस माजलाय. तसं नाही. मला दिसत असतं. मोडलेलं दिसतं, सरकलेलं दिसतं, छातीच्या फिल्मवर नको तिथे नको ती सावली दिसते. पण आमच्या कामात फिल्म काढणारा वेगळा आणि वाचणारा वेगळा, आणि ते योग्यच आहे. वाचणाऱ्याने पेशंटला हात लावलेला असतो, कुठे दाबलं की तो कळवळतो हे पाहिलेलं असतं. काचेमागून ते कळत नाही. म्हणून आपण चेहरा कोरा ठेवायचा. माझा चेहरा इतका कोरा झालाय की घरी ताई म्हणते, "फोटोग्राफर, हसलास तर दात झिजतील का रे?"

हा नियम मी एकदाच मोडला, आणि तो ताईसाठी मोडला.

ती स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा कापडाचा तागा काढत होती. स्टूल कलंडलं आणि ती उजव्या तळव्यावर पडली. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ती माझ्याकडे आली तेव्हा मधल्या बोटात अंगुस्ताना, सुई टोचू नये म्हणून घालतात ती धातूची टोपी, तसाच होता. मी तो काढला, दोन फिल्म घेतल्या, काचेमागे उभं राहून पाहिल्या. स्वच्छ होत्या.

"काय दिसतंय, फोटोग्राफर?"

"काही नाही गं. मुरगळलाय. चार दिवस पट्टी बांध."

तिने मान डोलावली, अंगुस्ताना परत बोटात घातला आणि गेली. माझ्या शब्दावर शंका घ्यायचं तिला काही कारणच नव्हतं.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात एक काजूएवढं, होडीच्या आकाराचं हाड असतं. ते मोडलं तर पहिल्या फिल्मवर पुष्कळदा दिसत नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा काढावी लागते, आणि तोवर प्लास्टर घालून ठेवतात. हे मला माझ्या नावाइतकं पाठ आहे. दुसरा कोणी पेशंट असता तर मी 'डॉक्टर सांगतील' म्हटलं असतं, डॉक्टरांनी तो खळगा दाबला असता, ताई ओरडली असती आणि दीड-दोन महिन्यांत सगळं निस्तरलं असतं. मी 'काही नाही' म्हणालो, आणि त्या मोडक्या हाडावर तिने सात महिने कापड बेतलं.

२

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी शाळेत होतो. ताईने शिवणाचं यंत्र दाराजवळ उजेडात ओढलं आणि मला शिकवलं. लग्नाचा विषय निघाला की ती म्हणायची, माप जुळत नाही. ती हाडाची टेलर आहे. घराच्या पुढच्या खोलीतच तिचं दुकान. शिवायला दोन बायका येतात, पण बेतायचं काम तिने कधी कुणाला दिलं नाही. लांब टेबलावर कापड पसरायचं, खडूने रेघ मारायची, मग कात्री उचलण्याआधी अंगुस्तान्याने टेबलावर वाजवायचं. ठक, ठक-ठक. कापडाला सांगते मी, असं म्हणायची, म्हणजे ते घाबरून हलत नाही. त्या आवाजावर मी अभ्यास केला, परीक्षा दिल्या, मोठा झालो.

सात महिन्यांनी तिच्या हातातून कात्री पडली. अंगठ्यात जोरच राहिला नाही. तेव्हा कुठे ती सर्जनकडे गेली, आणि नव्या फिल्मवर तो काजू दोन तुकड्यांत मोडलेला स्पष्ट दिसला. मधली फट पांढरट कडांची, जुनी. मीच काढली होती ती फिल्म. काचेमागे माझा चेहरा मात्र सवयीने कोराच राहिला.

सर्जन चांगला माणूस आहे, समजावून सांगतो. "या हाडाला रक्त एकाच बाजूने येतं. मोडलं की पलीकडचा तुकडा उपाशी राहतो आणि जुळत नाही. आपण काय करू, कंबरेच्या हाडातून थोडं हाड काढू, या फटीत भरू आणि स्क्रूने आवळून टाकू. तुमचंच हाड, त्यामुळे शरीर नाकारत नाही."

"म्हणजे ठिगळ," ताई म्हणाली.

"ठिगळच."

"ठिगळाला कापड कुठून तरी कापावं लागतं. तिथल्या भोकाचं काय?"

सर्जन हसला. "ते भरतं आपोआप."

"कशाने?"

त्याला हा प्रश्न कुणी विचारला नसावा. हाडाने, असं म्हणून तो कागद लिहायला लागला.

बाहेर आल्यावर ताईने मला एकच विचारलं. "पुन्हा बेतता येईल ना रे मला?" मी म्हणालो, येईल. मग तिचं बोलणं वेगळ्याच विषयावर गेलं. पहिल्या फिल्मबद्दल तिने तेव्हाही काही म्हटलं नाही आणि नंतरही, अगदी कालपर्यंत, नाही. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

३

ऑपरेशन नीट झालं. कोपरापर्यंत प्लास्टर, आणि उजव्या कंबरेवर चार बोटं लांबीची पट्टी. घरी आल्यावर ताई हातापेक्षा कंबरेनेच जास्त कण्हायची. सर्जन म्हणाला, सगळ्यांची हीच तक्रार असते, हात विसरतात आणि कंबर धरून बसतात. ते खरंही आहे, मी अशी किती माणसं पाहिली आहेत.

सहाव्या आठवड्यात पहिली तपासणी होती. प्लास्टरवरूनच फिल्म काढली. शिशाचा छोटा R, उजव्या बाजूची खूण, कोपऱ्यात ठेवला, हात नीट लावला, काचेमागे गेलो, बटण दाबलं. स्क्रू सरळ बसला होता. फट धूसर झाली होती, म्हणजे हाड धरत होतं. मला इतका आनंद झाला की क्षणभर मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

मग सवयीने मोजलं. मनगटात आठ हाडं असतात, चार-चारच्या दोन ओळी. शिकाऊ असताना आम्हाला रोज मोजायला लावायचे, ती सवय गेली नाही. मी मोजली तर सात भरली.

पुन्हा मोजली. सातच.

करंगळीच्या बाजूचं मटाराएवढं हाड दिसत नव्हतं. ते समोरून काढलेल्या फिल्मवर शेजारच्या हाडावरच पडतं, एकाची सावली दुसऱ्यात मिसळते. त्यात प्लास्टर. प्लास्टरमधून सगळं धुक्यातल्यासारखं दिसतं. मी स्वतःला हे सगळं सांगितलं आणि पटलंही. सर्जनने फिल्म उजेडात धरली, स्क्रूवर बोट ठेवून म्हणाला, "झकास." त्याला स्क्रूच बघायचा होता. बाकीची हाडं कोण मोजतं?

४

त्यानंतरच्या रविवारची गोष्ट. मी जमिनीवर बसून वर्तमानपत्र वाचत होतो. ताई बेतायच्या टेबलाजवळच्या लाकडी बाकावर बसली होती, पाठ भिंतीला, उजवा हात उशीवर. डाव्या हातात चहाचा कप. टेबलावर कात्री तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली. ती दर दोन दिवसांनी तिला तेल लावायला मला सांगायची.

ठक, ठक-ठक.

मी वर न बघताच म्हणालो, "नाही गं घाबरत ते कापड."

"कुठलं कापड?"

मी वर पाहिलं. तिच्या एका हातात कप, दुसरा प्लास्टरमध्ये. अंगुस्ताना टेबलाच्या खणात.

"तू वाजवलंस ना आत्ता?"

"कशाने वाजवू, नाकाने?" ती हसली. मग कप बाजूला ठेवून तिने कंबरेवर हात ठेवला. "तुला एक सांगू? हसू नकोस. हसत नाहीसच म्हणा. या प्लास्टरमध्ये हात आहे असं मला वाटतच नाही. पोकळ वाटतं. आणि इथे, या बाजूला, कात्री धरल्यासारखं वाटतं."

"टाके ओढत असतील."

"टाके कसे ओढतात ते मला माहीत आहे, आयुष्य गेलं त्यात."

मी उठून बाकावर, तिच्या शेजारी बसलो. बाक जुनं, एकाच फळीचं. ती बोलत होती, दुकानातल्या बायकांनी एक बाही उलटी लावली त्याबद्दल. मी तळवा फळीवर टेकवला होता. तिच्या बाजूने फळीतून ते माझ्या तळव्यात आलं. आवाज नव्हता, नुसता धक्का होता, अगदी हलका. एक, आणि थांबून दोन.

शिवणयंत्राचा पाय हलला असेल, वरच्या मजल्यावर कोणी काही कुटत असेल, माझीच नाडी असेल. नाडी अशी थांबून पडत नाही हे मला माहीत होतं. तरी मी मनगटावर बोटं ठेवून माझी नाडी मोजली. ताई म्हणाली, "काय, जिवंत आहेस ना?"

५

नवव्या आठवड्यात मी ते केलं जे करायला नको होतं. तपासणीचा दिवस नव्हता. कुणी फिल्म लिहून दिलेली नव्हती. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी ताईला एक्स-रेच्या खोलीत बोलावलं. आमच्या खोलीला खिडकी नाही, दार जाड आहे, आणि यंत्र नुसतं सुरू असलं तरी बारीक गुणगुणतं. ताई थंड टेबलावर आडवी झाली आणि म्हणाली, "डोक्यावर पंखा असता तर इथेच राहिले असते."

आधी मनगट काढलं. मग कंबर. R ठेवला, नीट लावलं.

"श्वास रोख. हलू नकोस."

"बरं."

बटण दाबलं. पडद्यावर चित्र आलं.

आमच्या कामात एक गोष्ट लहान मुलांच्या फिल्म काढताना कळते. मूल हललं की चित्र फिसकटतं, कडा दुहेरी येतात. सगळं मूल हललं तर सगळं चित्र फिसकटतं. ताईच्या फिल्मवर पाठीचे मणके सुरेख आले होते, मांडीचं हाड सुरेख आलं होतं, कंबरेच्या हाडाची कड पेन्सिलीने काढल्यासारखी होती. ती श्वास रोखून दगडासारखी पडली होती. फक्त जिथून हाड काढलं होतं, तेवढीच जागा फिसकटलेली होती. तिथलं काहीतरी हललं होतं.

मी दुसरी फिल्म घेतली, कमी वेळाची. मुलांसाठी घेतो तशी.

या वेळी साफ आली.

जिथे खळगा असायला हवा तिथे तीन गोल दाणे होते. दोन जवळजवळ, एक जरा बाजूला. त्यांच्यावर पंख्यासारख्या पसरलेल्या पाच बारीक पांढऱ्या रेघा.

बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या मनगटात फिल्मवर दिसेल असं एकही हाड नसतं. सगळी कुर्चा, मऊ. मग ठरलेल्या क्रमाने ती एकेक उमटतात. पहिली दोन काही महिन्यांत, तिसरं तिसऱ्या वर्षाच्या आसपास, मटाराएवढं सगळ्यात शेवटी, नऊ-दहा वर्षांनंतर. त्यावरून आम्ही मुलाचं वय सांगतो. म्हणजे आम्ही नाही, डॉक्टर सांगतात.

मी मनगटाची फिल्म शेजारी लावली आणि मोजली. पाच होती. मटार गेला होता, अंगठ्याखालची दोन गेली होती. शेवटी आलेली आधी निघाली होती.

पाच आणि तीन आठ.

"झालं?" टेबलावरून ताईने विचारलं. "काय दिसतंय?"

माझ्या तोंडातून आपसूक ते राखीव वाक्य गेलं. ती म्हणाली, "अरे वा, मला पण?" आणि कुशीवर वळून हळूहळू उठली.

६

मला वेड लागतंय का, हे तपासायचा एकच मार्ग होता. ज्याला काही माहीत नाही अशा माणसाला ती फिल्म दाखवायची.

फिल्मचे रिपोर्ट लिहिणाऱ्या मॅडम तळमजल्यावर बसतात. डोळे पडद्यावर, हातात गार झालेला चहा. मी कंबरेच्या चित्राचा तेवढाच तुकडा कापून घेतला, दाणे, रेघा आणि कोपऱ्यातला R, आणि तो त्यांच्यासमोर ठेवला. कुठला, कुणाचा, काही बोललो नाही.

"वयासाठी का?" त्यांनी चष्मा वर केला. "तीन. तीन-सव्वातीन. उजवा हात. मुठीचा अंदाज येतोय, जरा मिटलेला आहे. पुढच्या वेळी बोटं पसरायला लावा हो त्याला."

"बाकी ठीक?"

"छान वाढतंय की. लिहून देऊ का?"

मला नाही म्हणता आलं नाही. नाव विचारल्यावर मी म्हणालो, नंतर भरतो. त्यांनी दोन ओळी लिहिल्या, सही केली. उजवं मनगट, वय अंदाजे तीन वर्षं, वाढ योग्य.

वर येऊन मी दार लावलं आणि ताईच्या मनगटाची आणि कंबरेची त्या दुपारची मूळ चित्रं यंत्रातून पुसून टाकली. विनापरवानगी काढलेली फिल्म सापडली तर नोकरीवर येतं, एवढाच विचार त्या वेळी डोक्यात होता. त्या क्षणी मला ते शहाणपणाचं वाटलं. संध्याकाळी घरी जाताना कळलं की मी काय केलं. ताईच्या कंबरेचा एकमेव पुरावा मी स्वतःच्या हाताने घालवला होता, आणि उरलं होतं ते नाव नसलेलं एक निरोगी मूल.

७

बाराव्या आठवड्यात प्लास्टर कापलं. आतून हात निघाला तो बारीक, पांढरा, सुरकुतलेला. तसा सगळ्यांचाच निघतो. पण ताईने तो उचलला तेव्हा मनगटातून तो ओल्या फडक्यासारखा खाली वळला, जितका वळायला नको तितका. प्लास्टर कापणारा कामगार करवत हातात धरून नुसता बघत राहिला. "दुखत नाही," ताई म्हणाली. "काहीच होत नाही."

मी फिल्म काढली. या वेळी प्लास्टर नव्हतं, धुकं नव्हतं, सावलीत सावली मिसळायचा प्रश्न नव्हता. मनगटाच्या जागी दोन हाडं होती. त्यांच्या शेजारी, कशालाच न धरता, स्क्रू होता. सरळ, चकचकीत, करड्या पोकळीत लोंबलेला.

सर्जनने ती बघितली आणि माझ्याकडे वळला.

"हे काय काढलंय तुम्ही? पुन्हा काढा."

पुन्हा काढली. तो म्हणाला, यंत्र बिघडलंय. तिसऱ्यांदा तो स्वतः माझ्या शेजारी उभा राहिला. मग मी माझा हात ठेवला आणि त्याला बटण दाबायला लावलं. माझी आठ हाडं पडद्यावर नीट उमटली. त्याने ती फिल्म ताईच्या फिल्मशेजारी लावून पाहिली. मग म्हणाला, "बांधून ठेवलेल्या हातात हाडं विरळ होतात. कधीकधी फारच होतात."

"सर, तिच्या कंबरेची एक फिल्म काढू या. मी पाहिलंय. तिथे—"

"काय पाहिलंय? कुणी सांगितली होती काढायला?"

मी सांगायला लागलो आणि मधेच माझे मलाच शब्द ऐकू आले. दाणे. रेघा. मूठ. त्याने विचारलं, फिल्म कुठे आहे? मी खिशातून मॅडमचा कागद काढला. त्याने वाचला. उजवं मनगट, वय अंदाजे तीन, वाढ योग्य. त्याने तो नीट घडी करून मला परत दिला, आणि त्याचा आवाज फार मऊ झाला. रागावला असता तर परवडलं असतं.

"तुम्हाला त्या पहिल्या फिल्मचं लागून राहिलंय. मला माहीत आहे. घरच्या माणसाच्या फिल्म आपण काढू नयेत, हे मीच आधी सांगायला हवं होतं. गुरुवारी त्यांचं मोठ्या यंत्रावर स्कॅन करू, हाताचं, कंबरेचं, सगळं. तोवर तुम्ही रजा घ्या आणि या खोलीत येऊ नका."

आत जाऊन त्याने ताईची कंबर दाबून पाहिली. मी दारातून बघत होतो. तो दाबत होता तेव्हा तिथे काही हललेलं दिसलं नाही. सूज आहे थोडी, म्हणाला, भरून येताना येते.

"भरतंय म्हणजे," ताई म्हणाली.

"भरतंय."

८

काल बुधवार होता. दुपारचे तीन वाजले असतील. दुकानातल्या बायका जेवून परत आल्या नव्हत्या. ताई बेतायच्या टेबलावरच आडवी झाली होती, कारण गादीवर तिला आता सोसत नाही, अंग रुतलं की कठीण काहीतरी आतून कुशीत टोचतं. मी तिच्या डोक्याखाली एक तागा सरकवला. तिचा उजवा हात कडेवरून खाली लोंबत होता. तो उचलून मी तिच्या पोटावर ठेवला. त्याला वजन नव्हतं.

"स्कॅनमध्ये सगळं दिसतं?" तिने विचारलं.

"सगळं."

"मग उद्या कळेलच." जरा थांबून म्हणाली, "तू त्या दिवशी काही नाही म्हणालास ना, मला फार बरं वाटलं होतं. मी रस्ताभर खूश होते. उगाच मनाला लावून घेऊ नकोस. कुणीही तेच म्हटलं असतं."

मला रडू आलं. बावीस वर्षं कोरा ठेवलेला चेहरा पार विस्कटून गेला आणि मी तो लपवायला तोंड फिरवलं. कात्री टेबलाच्या टोकाला फडक्यात होती. तिला तेल लावायचं राहिलं होतं.

"इथे जरा दाब रे," ताई म्हणाली. "ठणकतंय."

मी तिच्या कंबरेवर, कपड्यावरूनच, तळवा ठेवला. ऊब होती. सूज होती. खाली टाक्यांची जाड रेघ हाताला लागली. मी हळूच दाबलं आणि त्या रेघेच्या आत काहीतरी बाजूला सरकलं. दाबल्यावर गाठ सरकते तसं नाही. कुणी झोपेत कूस बदलावी तसं. मग ते परत वर आलं आणि माझ्या तळव्याला आतून पाच ठिकाणी टेकलं.

मी श्वास रोखला. हललो नाही.

मधल्या टेकलेल्या ठिकाणी वाजलं. एक. थांबून, दोन.

ताई छताकडे बघत होती. तिचे ओठ किंचित हलले, जणू ती काहीतरी मोजत होती. पोटावरचा हात पडलेला तसाच होता, फडक्यासारखा. मी माझा हात काढून घ्यायला गेलो. तेव्हा कातडीखालून, कातडीसकट, ते माझ्या एका बोटाभोवती मिटलं. लहान मुलं धरतात तसं, सगळी ताकद लावून.

"काय आहे रे?" ताईने विचारलं. "हाताला काय लागतंय तुझ्या?"

मी बोट ओढून पाहिलं.

"सांग ना, फोटोग्राफर. तुला कळतं सगळं. मी बेतू शकेन का पुन्हा, एवढंच सांग."

"डॉक्टर सांगतील," मी म्हणालो.

बोट अजून सुटलं नव्हतं.